दांडी न कापलेली सायकल

तुमचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मंडपवाला बांबू सोडून घेऊन गेला. आता या घरात अडकणारं कोणी नाही. मी स्वयंपाकघरातून बैठकीत येते, बैठकीतून मागच्या अंगणात जाते, उंबऱ्यावर कोणासाठी थांबावं लागत नाही. तरी पाय थांबतात. अजी, तुम्ही गेले, पण तुमचं थांबणं माझ्या पायांत ठेवून गेले.

भेटायला येणारे सगळे एकच बोलतात. "सर किती शांत होते हो! शेवटी तर चेहऱ्यावर कायम शांती." मी मान डोलावते. त्यांना काय सांगू? तुम्ही कधीच शांत नव्हते. त्या कंपवातानं तुमचा चेहरा बंद करून टाकला होता. आत तुम्ही चिडायचे, हसायचे, सायकलवाल्या बबलूला शिव्या घालायचे, आणि बाहेर काही पोचायचं नाही. दारं लावलेल्या घरासमोरून जाणाऱ्याला वाटतं, आत सगळे झोपले असतील. तुमच्या आत काय चाललं आहे, ते फक्त मला ऐकू यायचं.

आधी हात गेला. सौंसरच्या शाळेत तुम्ही फळ्यावर न बघता भारताचा नकाशा काढायचे, त्याचं पोरांना कौतुक. मग तो नकाशा हळूहळू लहान व्हायला लागला. एक पोट्टं म्हणालं, "सर, देश लहान होऊन राहिला." तुम्ही घरी येऊन मला हे हसत सांगितलं होतं. तेव्हा तुमचं हसू अजून दिसायचं.

निवृत्तीनंतर पाय. चालता चालता मध्येच पाय जमिनीला डिंक लावल्यासारखे चिकटायचे. मोकळ्या जागेत कमी, दारात जास्त. न्हाणीच्या दारात तर हमखास. अंग पुढं जायचं, पाय मागं राहायचे. मी म्हणायची, "अजी, पाय उचला." तुम्ही म्हणायचे, "उचलूनच राहिलो." आणि खरंच उचलत असायचे, आतून, पूर्ण ताकदीनं. पायापर्यंत निरोपच जायचा नाही. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी घरभर फरशीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी दिसली की पाय ती ओलांडायला उठतो म्हणे. कधी उठायचा, कधी नाही.

तुम्ही दारात अडकायचे आणि मी तुमच्यात. भाजी आणायला जायचं तर तुम्हाला खुर्चीत बसवून, "उठू नका हं" सांगून, धावत जायचं आणि धावत यायचं. एकदा मी परत आले तर तुम्ही दोन खोल्यांच्या मध्ये उभे होते, हातात रिकामा पेला. पाणी प्यायला निघाले होते. मी गेल्या गेल्याच निघाले असाल. मी पेला घेतला, पाणी दिलं. त्या दिवसापासून मी भाजीवालीलाच घरी बोलवायला लागले. बहिणीकडं जाणं बंद, समाजाच्या कार्यक्रमाला जाणं बंद. प्रशांत पुण्याहून रोज फोन करायचा आणि रोज तेच सांगायचा, "आई, बाबांना पडू देऊ नको." पडू दिलं नाही मी. पण न पडण्यासाठी माणूस किती थोड्या जागेत राहायला लागतो, ते त्याला फोनवर दिसत नव्हतं.

सायकल मागच्या टिनाच्या खोलीत होती. तुमच्या बाबांची. सौंसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीत ते कामाला होते, तिथला एक साहेब जाताना ती त्यांना देऊन गेला, एवढंच मला माहीत होतं. हिरवी, बारीक नळ्यांची, विलायती. मागच्या चाकाच्या मधल्या डब्यातच तीन गिअर, आणि हॅन्डलवर अंगठ्यानं सरकवायची एक छोटी कळ. लग्न होऊन मी आले तेव्हाही ती तिथंच होती. तुम्ही शनिवारी तिला पुसायचे आणि मी म्हणायची, चालवत तर नाही, पुसता काहून.

त्या सकाळी मी टिनाच्या खोलीतून गोवऱ्या काढत होते आणि तुम्ही अंगणात खुर्चीवर होते.

"शीला, ते सायकल काढ."

"कशाले?"

"बसून पाह्यतो."

"दोन पावलं टाकता येऊन नाही राहिले अन् सायकल?"

"बसू तर दे वो!"

मी तुमचं मन राखायला काढली. टायरात हवा नव्हती, शेजारच्या पोरीनं पंप आणून भरली. दांडीवरून पाय टाकायला तुम्हाला जमेना, म्हणून मी सायकल तुमच्या बाजूला एवढी वाकडी केली की दांडी गुडघ्याखाली आली. तुम्ही पाय घातला. मग मी सायकल आणि तुम्हाला दोघांनाही सरळ केलं. सीट धरून मी गल्लीत चार पावलं चालले. आणि मग माझ्या हातातून सीट निघून गेली.

तुम्ही चालले होते. पाठ सरळ, गुडघे वरखाली, गुळगुळीत, कुठं अडकणं नाही, काही नाही. हाताचा थरकापसुद्धा हॅन्डलवर दिसत नव्हता. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. मी तोंडाला पदर लावून उभी होते. रडणं नव्हतं ते. मला तुमची भीती वाटली होती. इतक्या दिवसांपासून मी ज्याला उचलून ठेवत होते, तो माणूस कोण आणि हा कोण?

डॉक्टर हसले. म्हणाले, असं होतं काही जणांचं. चालायची वाट बंद होते आणि सायकलची उघडी राहते. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. "पण रस्त्यावर नको," असं मात्र दोनदा म्हणाले.

तुम्ही तेवढं सोडून सगळं ऐकलं.

मग बबलू आला. बस स्टँडजवळचा सायकलवाला, तुमचाच जुना विद्यार्थी, भूगोलात कायम नापास. त्यानं सायकलभोवती चक्कर मारली आणि निकाल दिला. "सर, हे मागचं चाक फेका जी. आता सात गिअरवालं येते, एकदम मक्खन. अन् ही दांडी कापून देतो, लेडीज फ्रेम करून टाकू. पाय टाकायची झंझटच नाई."

प्रशांतचंही फोनवर तेच. त्याला तर बॅटरी आणि मोटार बसवायची होती. "बाबांना पायडल मारायची पण गरज नाही," तो म्हणाला. पायडल मारण्यासाठीच तर सगळं होतं, हे त्याला समजावता समजावता फोन कट झाला.

तुम्ही बबलूला जवळ बोलावलं. तुमचा आवाज तोवर बारीक झाला होता, त्याला कान खाली आणावा लागला.

"बबलू, तुया बापाची पाठ दुखते ना?"

"हाव जी."

"मंग कणा कापून टाक. वाकता येईन त्याले."

बबलू माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, दांडी राहू दे बाबा.

त्या सायकलीवरून आपण जेवढे भांडलो तेवढे प्रशांतच्या शिक्षणावरूनही भांडलो नसू. तुमचा कायदा असा होता, जे मोडलं ते दुरुस्त करायचं, जे कमी पडतं ते बदलायचं, पण लांबून पाहणाऱ्याला ती सायकल तीच दिसली पाहिजे. माझा कायदा एकच, तुमची हाडं. गिअरच्या डब्यात जुनं तेल घट्ट होऊन गोंद झालं होतं. तुम्ही बबलूला खोलू दिलं नाही. झाकणाच्या भोकातून पातळ तेल सोडायला लावलं, चाक फिरवायला लावलं, पुन्हा तेल, पुन्हा चाक. मग एकदम टिकटिक सुरू झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरवर ती टिकटिक करते आणि पहिल्यावर गप्प होते, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं. रंग मी नवा मारायला सांगितला, तुम्ही नाही म्हणाले. सीट चामड्याचीच ठेवली, फक्त खाली केली, म्हणजे तुमचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तुम्ही चुकले आणि मी बरोबर होते. हे मी तुमच्या हयातीतही सांगितलं होतं, आताही सांगते. लोखंडी रिमवर ब्रेक घसरतो, हे मला न शिकता कळलं होतं. तुम्ही म्हणत राहिले, "बाबा याच ब्रेकवर जिंदगीभर फिरले." मग एका सकाळी दव पडलं होतं तेव्हा गल्लीच्या वळणावर तुम्ही ब्रेक दाबला आणि सायकल तशीच पुढं, सरळ कुंपणाच्या मेंदीत. काही लागलं नाही. मेंदीतून तुमचा आवाज आला, "बबलूले बोलाव." त्यानं पुढच्या चाकाला अल्युमिनियमची रिम घातली. मागच्यालाही घालणार होता, पण त्या जुन्या डब्याला तारांची भोकं जास्त आणि नव्या रिमला कमी. नागपूरपर्यंत शोधून मिळाली नाही. मग मागची लोखंडीच राहिली. पुढं नवं, मागं जुनं. तुम्ही चेहरा हलवू शकत नव्हते, पण मला कळलं की तुम्हाला आवडलं.

मग फाटकाचा दिवस.

मी न्हाणीत होते. बाहेर आले तर खुर्ची रिकामी, सायकल नाही. शेजारच्या पोट्ट्याला सायकल वाकडी धरायला सांगून तुम्ही चढले आणि निघाले होते. मी गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेले. कोणी नाही. परत आले, शेजारची स्कूटीवाली पोरगी कामावरून यायची होती. मी बैठकीत बसले.

हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. त्या घरात त्या वेळी कोणीच अडकलेलं नव्हतं. मी गॅसवर चहा ठेवला आणि गरम पिला. शेवटपर्यंत, न उठता. किती वर्षांनी. घाबरले होते, आणि तरी तो चहा मला गोड लागला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. "मंग रोजच जात जाऊ का?" असं म्हटलं असतं. म्हणून सांगायचं होतं. राहिलं.

तुम्ही रेल्वे फाटकावर सापडले. फाटक बंद झालं म्हणून थांबले, एक पाय खाली टेकला, आणि झालं. गाडी गेली, फाटक उघडलं, मोटारसायकली सुटल्या, ट्रॅक्टर सुटले, आणि तुम्ही उभे. ना चढता येई ना उतरता. लोकांनी हॉर्न वाजवले. कोणी म्हणालं, मास्तर पिऊन आहे. एकानं ओळखलं, तुमच्या हातातून सायकल घ्यायला गेला, तर तुमची बोटं सुटेनात. उन्हात तुम्ही दोन्ही हातांनी हॅन्डल धरून, डोळे समोर रुळांवर.

मी स्कूटीवरून उतरले आणि आधी तुमच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर. "कुठं चालले होते?"

तुमचे डोळे रुळांवरच.

घरी आणल्यावर पाणी पाजलं, पाय चोळले, पुन्हा विचारलं. "सांगा ना जी. कुठं जाऊन राहिले होते?"

"पुढं," तुम्ही म्हणाले.

मी सायकलला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या मंगळसूत्रात अडकवली. अजी, त्या कुलपावरून आपलं भांडण मिटलं नाही. तुम्ही मला जेलर म्हणाले. मी म्हटलं, जेलर तरी घरी जातो. मला आजही वाटतं की मी कुलूप लावायलाच पाहिजे होतं. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत होतं की नको होतं. आपण दोघंही खरे होतो आणि त्यानं काही हललं नाही.

किती तरी दिवस असेच गेले. तुम्ही खुर्चीत, मी आसपास. खिडकीतून जाम नदीच्या बाजूची बाभळीची रांग दिसायची, तिकडं तुम्ही बघत बसायचे. मी वाती वळायची, गहू निवडायची, निवडलेले पुन्हा निवडायची. एका दुपारी तुम्ही म्हणाले, "बबलूले सांग, मागचं दात्यांचं चाक मोठं पाहिजे."

"कशाले?"

"हळू चालली पाहिजे. न थांबता."

मी सांगितलं नसतं. पण तुम्ही खूप दिवसांनी काही मागितलं होतं. बबलूनं मोठं दात्यांचं चाक शोधून बसवलं, चैनीला दोन कड्या जोडल्या, चैनकव्हर तेच ठेवलं. बाहेरून काहीच बदललं नाही. आता पहिल्या गिअरवर ती माणूस चालतो तेवढ्या हळू चालायची आणि तरी पडायची नाही.

"एवढ्या हळू चालवून काय मिळते?" मी तुम्हाला विचारलं. तेव्हा तुम्ही बाबांची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तुम्ही लहान होते, त्याच दांडीवर पुढं बसलेले. गावात एका मोठ्या घराच्या ओसरीसमोरून रस्ता जायचा. आपल्या लोकांनी तिथं सायकलवरून उतरून, चालत जायचं, अशी पद्धत. ओसरीवरून कोणीतरी ओरडलं, "उतर रे!" बाबा उतरले नाहीत. पळालेही नाहीत. त्यांनी अंगठ्यानं कळ सरकवली, पहिल्या गिअरवर आणली, टिकटिक बंद झाली, आणि ते त्या घरासमोरून इतक्या हळू गेले की ओसरीवरच्या प्रत्येकाचं तोंड तुम्हाला नीट दिसलं.

"जोरात गेले असते तर म्हटलं असतं, भिऊन पळाला," तुम्ही म्हणाले. "मी दांडी धरून होतो. बाबाचं पोट माह्या पाठीले लागून होतं. धडधड करून राहिलं होतं."

मी साखळी सोडली. किल्ली मंगळसूत्रातच राहू दिली.

रस्ता नाही, असं ठरलं. संत्र्याचा हंगाम नसला की मंडीचं आवार मोकळं असतं. सकाळी चौकीदार फाटक उघडायचा, मी तुम्हाला ओट्याजवळ चढवायची आणि तुम्ही सुटायचे. भिंतीच्या कडेनं गोल. एक गोल, दुसरा गोल, मी मोजणं सोडून दिलं. पानांचा, सडक्या सालींचा वास यायचा. तुम्ही माझ्याजवळून जाताना काहीतरी बोलायचे आणि अर्धं वाक्य पुढच्या फेरीत पूर्ण करायचे. "शीला, हे तर…" आणि मग पुढच्या वेळी, "…कोलूच्या बैलासारखं झालं."

मी म्हटलं, "बैल तरी तेल काढते. तुम्ही काय काढून राहिले?"

पुढच्या फेरीत उत्तर आलं. "राग."

भिंत होती, फाटक होतं, फाटकावर मी होते. तुम्हाला माहीत होतं की ही मोकळी जागा म्हणजे मोठी खोलीच आहे. तरी तुम्ही रोज यायचे. मीही यायची. ओट्यावर बसून मी टिकटिक ऐकायची. ती थांबली की समजायचं, आता पहिला गिअर, आता तुम्हाला उतरायचं आहे. मग मी उठायची, पुढं जायची, हॅन्डल धरायची. चढणं आपल्याला पटकन जमलं होतं. उतरणं कधीच पटकन झालं नाही. सायकलवर असलेला माणूस खाली आला की पुन्हा तोच आजारी माणूस व्हायचा. मधल्या त्या क्षणी तुमचा एक पाय पायडलवर आणि एक जमिनीवर असायचा, आणि तुमचे डोळे माझ्याकडं. त्या डोळ्यांत काय असायचं ते मी कोणाला सांगितलं नाही आणि तुम्हालाही विचारलं नाही.

थंडीत घास चुकीच्या वाटेनं जायला लागला. खोकला, ताप, नागपूर, नळ्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी सायकलची चौकशी केली, मी म्हटलं ठेवली आहे. घरी आल्यावर तुम्ही फार जागे नव्हते. एका दुपारी मी तुमच्या तळपायांना तेल लावत होते. तुमचे दोन्ही पाय पांघरुणाखाली हलायला लागले, एक वर, एक खाली. मी थांबवले नाहीत. मला वाटलं तुम्ही पहिल्या गिअरवर आहात. मी जवळ बसून राहिले. मग ते थांबले.

तुमचे मी आभार मानले नाहीत. नवरा-बायकोत ते कोण करतं? पण मला ते म्हणायचं होतं. तुम्ही आजारी झाले नसते तर तुम्ही निवृत्तीनंतरही पोरांना नकाशे काढून दाखवत राहिले असते, मी डाळ शिजवत राहिले असते, आणि तुमच्या बाबांच्या पोटाची धडधड मला कधीच कळली नसती. एवढ्यासाठी एवढी किंमत? नाही हो, नको होती. पण दिलीच आहे, तर मिळालं ते सांगते.

प्रशांतला सायकल पुण्याला न्यायची आहे. म्हणतो, "आई, घासूनपुसून हॉलमध्ये भिंतीवर लावतो. बाबा रोज दिसतील." तो रडवेला होऊन बोलत होता, म्हणून मी एवढंच म्हटलं, आत्ता नको.

आणि काल आपल्या घराच्या फाटकाशी एक जीप थांबली.

एक तरुण बाई उतरली, मग तिनं हात धरून एका म्हाताऱ्याला उतरवलं. मोहगावचे, संत्र्याचा बगीचा असलेले. तिनं विचारलं, "सर हायेत का? आमच्या बाबालेही तोच आजार हाये. कोणीतरी सांगितलं, सर चालू शकत नाईत पण सायकल चालवतात. पाह्याले आलो."

मला सांगावं लागलं.

ती एकदम मागं सरकली. "माफ करा मावशी. आम्हाले मालूमच नव्हतं. चला बाबा, चला."

पण बाबा निघेनात. ते फाटकाच्या खालच्या लोखंडी पट्टीवर अडकले होते. अंग आत, पाय बाहेर. पोरगी ओढायला लागली, "बाबा, पाय उचला ना." मी काय करत आहे हे मला कळायच्या आत मी पुढं झाले, माझा पाय त्यांच्या पायापुढं आडवा ठेवला आणि म्हटलं, "काका, माझ्या पायावरून पाय टाका." त्यांनी टाकला. मग दुसरा. ते आत आले. पोरगी माझ्या पायाकडं बघत राहिली.

चहा झाला. काकांची नजर अंगणातल्या सायकलीवर होती. मी म्हटलं, "बसता का?"

काकांनी एकेक शब्द गोळा केला. मग म्हणाले, "मले येतच नाई सायकल. कधी शिकलोच नाई. बैलगाडी, मंग मोटारसायकल."

मला हसू आलं, अजी. तुम्हालाही आलं असतं. एवढ्या लांबून जीप करून आले आणि सायकलच येत नाही. पोरीचा चेहरा पडला होता. मी सायकल ओट्याशी नेली, वाकडी केली, काकांना चढवलं, सरळ केली, मग पोरीनं मागून उचलली आणि मी स्टँड लावला, मागचं चाक हवेत. "आता फक्त पाय फिरवा. कुठं जायचं नाई, पडायचं नाई. मी हॅन्डल धरून हाये."

आधी काही झालं नाही. मग एक पायडल खाली गेलं. मग दुसरं. मग ते थांबलेच नाहीत. मागचं चाक हवेत फिरायला लागलं, टिकटिक सुरू झाली. मी हॅन्डल धरलं होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी वजनाखाली, आणि मला त्याचा राग आला नाही. येईल असं वाटलं होतं.

पोरगी रडत होती आणि रडता रडता तिनं मोबाइल काढला. मी म्हटलं, "तो ठेव तिकडं. अन् इकडं ये. चढवणं सोपं असते बाई, उतरवणं शिकून घे."

ती आली. मी तिचा एक हात सीटमागं ठेवला, दुसरा काकांच्या काखेखाली. "मी स्टँड काढते, तू आपल्याकडं वाकडी कर. हळू. दांडी खाली आली ना? आता पाय बाहेर येईन. नाई आला तर ओढू नको."

पाय आला नाही. काका तसेच राहिले, अर्धे सायकलवर, अर्धे जमिनीवर, आणि आपल्या पोरीकडं बघायला लागले.

"मंग काय करू मावशी?"

"उभी राहा."

"किती वेळ?"

"लागन तेवढा," मी म्हटलं, आणि दुसऱ्या बाजूनं हॅन्डल धरून तिच्यासोबत उभी राहिले.